गुणिले दोन

शिधोरे बाद झाला तेव्हा तो केळुसकरबाईंपासून चांगला दोन हात लांब होता. मी पडद्यावर ते स्वतः पाहिलं. पाटी ओलांडून तो पुढच्या चौकात पोचलासुद्धा होता आणि मग त्याच्या डोक्यावर लाल अक्षरांत 'बाद' उमटलं. 

"ही पाचवी वेळ," हेडफोनमधून शिधोरे शांतपणे म्हणाला. "बाईंचा हात बहुतेक वेंगुर्ल्याहून पुण्यापर्यंत पोचतो."

रविवार होता, सकाळचे साडेअकरा. मी कराडच्या आमच्या पॉलिटेक्निकमध्ये संगणकाच्या प्रयोगशाळेत एकटाच बसलो होतो. तिथे मी सहायक होतो. नेट तिथलं चांगलं, म्हणून शिपाईमामांकडून रविवारची किल्ली मागून घेतली होती. शिधोरे आणि त्याचे दोन गडी पुण्यात, बाई वेंगुर्ल्यात, बाईंच्या संघातले दोघे सोलापुरात. खेळ होता आट्यापाट्या, आणि तो मी बनवला होता.

म्हणजे अगदी मुळापासून नाही. 'गोफण' नावाचं खेळ बनवायचं एक इंजिन आहे. ओपन सोर्स, त्यामुळे कुणीही उघडून बघावं, हवं ते बदलावं. त्यात पळापळीचा एक तयार खेळ येतो. त्याच खेळाला कापून-जोडून मी मॉड केला होता: आडव्या पाट्या, प्रत्येक पाटीवर एक अडवणारा, आणि हुलकावणी देत पाट्या ओलांडणारा समोरचा संघ. अडवणाऱ्याने आपली पाटी सोडायची नाही, तिथूनच हात लावायचा. खऱ्या खेळात नऊ गडी लागतात, मी तिघांवर भागवलं होतं. दोन वर्षं खपलो होतो त्यासाठी, आणि सुरुवात केली तेव्हा मला साधा चेंडू पडद्यावर उसळवता येत नव्हता.

गोफणची नवी आवृत्ती सोमवारी निघणार होती. तिच्यासोबत नवशिक्यांना बघायला म्हणून दहा खेळांचा उदाहरणसंच जाणार होता आणि त्यात माझा खेळ निवडला गेला होता. फक्त एक अट होती, रविवारी सगळ्यांसमोर एक सामना व्हायला हवा आणि खेळात दोष निघता कामा नये. तसं झालं की जगभरच्या लोकांनी गोफण उतरवून घेतल्यावर त्यात आट्यापाट्या दिसणार होत्या, खाली 'उमाकांत डुबल, कराड' असं नाव. पुण्याच्या एका कंपनीने मला भेटायलाही बोलावलं होतं, ते त्या निवडीवरच. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि खराब माउस बदलून देणं यापलीकडे मला कुणी काही विचारत नव्हतं. त्या नावासाठी मी काय केलं असतं हे तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

केळुसकरबाईंबद्दल सांगायला हवं. मंदाकिनी केळुसकर टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, तेव्हा वय अठ्ठावन्न. घरी एकट्याच. गुडघे गेलेले, त्यामुळे बाहेर जाणं बाजारापुरतं. गोफणच्या मराठी फोरमवर त्या 'वाटाड्या' होत्या. नवशिक्यांच्या शंका सोडवणाऱ्यांना आमच्याकडे तसं म्हणतात. पण बाई शंका सोडवत नसत, हीच त्यांची ख्याती. त्या आयतं उत्तर देत नसत. प्रश्न तीन ओळींत लिहायला लावत: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. या तीन ओळी नसलेला प्रश्न त्या वाचतसुद्धा नसत. मी पहिल्यांदा 'खेळ चालत नाही, मदत करा' असं लिहिलं होतं. बाईंनी खाली एवढंच लिहिलं, 'तीन ओळी.' मला राग आला. तीन ओळी लिहायला बसलो, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत पोचलो तेव्हा चूक माझी मलाच दिसली. पुढची दोन वर्षं हेच.

त्यांनी एक लँडलाइन ठेवली होती. गुरुवारी चार ते पाच, नवशिक्यांसाठी. उचलल्यावर 'हॅलो' म्हणायच्या नाहीत, आधी आपला नंबर सांगायच्या, ती एक्स्चेंजमधली सवय. आणि मी केलेला प्रत्येक बदल त्या वाचायच्या. गोफणमध्ये प्रत्येक बदल तारीख-वेळ आणि नावासकट कायमचा नोंदला जातो, कुणालाही बघता येतो. नवशिक्याच्या बदलाखाली त्याच्या वाटाड्याने 'वाचलं' अशी खूण करायची, असा रिवाज. माझ्या प्रत्येक बदलाखाली ती खूण असायची. स्वल्पविरामाचा बदल केला तरी.

खेळ एकाहून जास्त जणांनी नेटवर खेळायचा करायला घेतला तेव्हा बाईंनी मला गुरुवारी फोनवर एक गोष्ट बजावली होती. "एका खोलीत चाचणी करू नकोस हां. एका खोलीत सगळं चालतं. आमच्या वेळी ट्रंक कॉलवर आवाज पोचायला वेळ लागायचा. माणसं एकमेकांवर चिडायची, वाटायचं समोरचा मुद्दाम गप्प बसलाय. तो गप्प नसायचा रे, तार उशीर करायची. दुसऱ्या गावातून खेळून बघ."

बघतो म्हटलं. साताऱ्याच्या मावसभावाला सांगायचं ठरवलंही होतं. मग तो लग्नाच्या गडबडीत, मग माझ्याकडे परीक्षांची कामं. प्रयोगशाळेत चार मशीन एका रांगेत मांडून मी एकटाच चौघांचा खेळ खेळलो, सुरेख चालला. शितावरून भाताची परीक्षा, असं मनाला सांगितलं. उदाहरणसंचाच्या अर्जात एक चौकोन होता, 'दुसऱ्या ठिकाणाहून चाचणी केली आहे का?' मी 'हो' वर खूण केली. एवढ्याशा चौकोनाने काय होतंय, असं वाटलं, आणि खरं तर तेवढंसुद्धा वाटलं नाही.

तर शिधोरे. त्याने सामना थांबवला आणि रीतसर तक्रार केली. मला आधी हसू आलं होतं, नाचता येईना अंगण वाकडं म्हणून. पण तो हरत होता म्हणून कुरकुरणारा माणूस नव्हता. त्याने पाचही वेळांचे आकडे लिहून दिले. फोरमच्या प्रमुख वझलवार मॅडम नागपूरहून सगळं बघत होत्या. नियमाप्रमाणे अशी तक्रार आली की सामन्याचा लॉग, म्हणजे कोण कुठल्या क्षणी कुठे होतं याची सर्व्हरवरची नोंद, खेळ बनवणाऱ्याने तपासायची आणि मत द्यायचं. सहा वाजेपर्यंत मत द्या, त्या म्हणाल्या. खेळात दोष निघाला तर तो या आवृत्तीतून वगळायचा, पुढची आवृत्ती वर्षाने. आणि कुणी आपल्या संगणकावरच्या खेळाच्या प्रतीत फेरफार करून लबाडी केली असेल तर त्याचं खातं कायमचं बंद. वाटाड्या असला तरी. वाटाड्या असला तर जास्तच.

लॉग मी दुपारी एकपर्यंत वाचला. पाचही वेळा बाईंनी हात लावला त्या क्षणी शिधोरे त्यांच्या हाताच्या टप्प्यात नव्हता. इतर कुणाच्या बाबतीत असं एकदाही झालं नव्हतं. सहा खेळाडू, एकच सर्व्हर, एकच खेळ, आणि फक्त एकीचा हात लांब. आता इंजिन उघडं असल्यावर आपल्या प्रतीत हात लांब करून घेणं ही चार ओळींची गोष्ट, आणि गोफणचं पोट बाईंइतकं कुणी उघडून पाहिलं नव्हतं. त्या असं करतील असं मला वाटलं नाही. पण दुसरं काही सुचेना. दीड वाजता मी वझलवार मॅडमना कच्चं टिपण धाडलं. त्यात एक वाक्य होतं, ते मला अजून पाठ आहे: 'बाईंच्या प्रतीत फेरफार असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' इतकं गुळगुळीत वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं होतं.

हे इथवर मी मनापासून केलं. कुणाला फसवत नव्हतो. पुढचं तसं नाही.

दोन वाजता शिपाईमामा किल्ली घ्यायला आले. मला खोली बंद करून निघावं लागलं. मी मलकापुरात भाड्याने राहायचो, तिथे नेट नव्हतं. मोबाइलवरून लॅपटॉपला नेट जोडलं, ते रडतखडत चालायचं. शेवटचं एकदा बघून घ्यावं म्हणून सर्व्हरवर गेलो, रिकाम्या मैदानात पाटीवर उभा राहिलो आणि समोरून संगणकाचा एक बाहुला पळवला. तो पाटी ओलांडत असताना हात टाकला. तो पुढे निघून गेला, दोन हात लांब गेला, आणि मग बाद झाला.

परत पळवला. परत तेच. मी हात न लावता त्याला बाद करत होतो आणि माझ्या प्रतीत कसलाही फेरफार नव्हता.

मग ती ओळ शोधायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. गोष्ट अशी की लांबच्या खेळाडूला समोरचा जिथे दिसतो तिथे तो आता नसतो, क्षणभरापूर्वी होता. त्याने हात टाकल्याचा निरोप सर्व्हरला पोचेपर्यंत आणखी वेळ जातो. म्हणून सर्व्हरने थोडं मागे वळून बघायचं, की या माणसाने हात टाकला तेव्हा त्याच्या पडद्यावर समोरचा कुठे होता. किती मागे? निरोपाला जाऊन येऊन जितका वेळ लागतो तितकं. गोफण तो वेळ आयता मोजून देतं. मला वाटलं होतं तो फक्त जाण्याचा वेळ आहे, म्हणून मी त्याला दोनने गुणलं होतं. पण तो मुळातच जाण्यायेण्याचा होता. माझा सर्व्हर दुप्पट मागे बघत होता.

प्रयोगशाळेत चार मशीन एका रांगेत. निरोपाला लागणारा वेळ शून्य, शून्याची दुप्पट शून्य. पुण्याची, सोलापूरची लाइन चांगली, तिथे फरक बोटभर. वेंगुर्ल्याला बाईंच्या तारेवर तोच फरक दोन हातांचा झाला. त्या बिचाऱ्या आपल्याला दिसत होतं तिथे प्रामाणिकपणे हात टाकत होत्या.

साडेतीन वाजले होते. वझलवार मॅडमना कळवायला अडीच तास हातात होते. मी काय केलं ते सरळ सांगतो. मी 'गुणिले दोन' खोडलं. बदलाला नाव द्यावं लागतं, 'किरकोळ साफसफाई' असं दिलं, आणि चार वाजून दहा मिनिटांनी तो नोंदवला. उघड, माझ्या नावावर, कुणालाही वाचता येईल असा. किरकोळ साफसफाई कुणी वाचत नाही हे मला माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. खेळ आता नीट चालणार होता, उद्या तो जगभर जाणार होता आणि तो सदोष नव्हता. मी स्वतःला हेसुद्धा सांगितलं की बाईंना फोरमची काय गरज, त्यांना पेन्शन आहे. त्यांच्या दिवसात फोरमशिवाय दुसरं काही नव्हतं हे मला चांगलं ठाऊक होतं.

पाच वाजून पाच मिनिटांनी माझा मोबाइल वाजला. वेंगुर्ल्याचा नंबर. गुरुवार सोडून बाई कधी बोलत नसत, आणि स्वतःहून फोन तर कधीच करत नसत.

जेवलास का, असं आधी विचारलं. जेवलो होतो. शिधोरे फार चिडलाय का, म्हणाल्या. चिडलाय, मी म्हटलं. चिडणारच, त्याच्या जागी मी असते तर मीही चिडले असते, असं म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. मागे कुठेतरी कुकरची शिटी झाली, त्या थांबल्या, शिटी संपू दिली.

"उमाकांत, एक विचारायचं होतं. दुसऱ्या गावातून चाचणी केली होतीस ना?"

मला आठवतं, मी खिडकीत उभा होतो. समोर गॅरेजवाल्याने रिक्षा उलटी करून ठेवली होती.

"हो, बाई. साताऱ्यातून केली होती. मावसभाऊ होता."

"काही वेगळं दिसलं नव्हतं?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बरं. ठेवते."

पावणेसहाला वझलवार मॅडमनी रीतीप्रमाणे बाईंना त्यांचं म्हणणं विचारलं. बाईंनी फोरमवर लिहिलं: 'मला काही सांगायचं नाही. खेळ उमाकांतने बनवला आहे, त्याला माहीत.' ते वाचून मला आधी भीती वाटली, मग कुणीच काही विचारलं नाही तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. सहाला मी मत दिलं: खेळात दोष नाही. सव्वासहाला बाईंचं खातं बंद झालं. खातं बंद झालं की आमच्याकडे माणसाचं नाव सगळीकडून जातं, त्या जागी 'माजी सदस्य' येतं. बाईंनी दिलेली चारशे बारा उत्तरं तशीच राहिली, त्यांच्यावरचं नाव तेवढं गेलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहायला आवडलं असतं. लागली. सोमवारी आवृत्ती निघाली, माझं नाव त्यात होतं, महिन्याभरात मी पुण्याला नोकरीवर रुजू झालो. काही आठवडे गुरुवारी चार ते पाच मी मुद्दाम कुठलीतरी मीटिंग लावून घ्यायचो. मग त्याचीही गरज उरली नाही. शिधोरेशी दोस्ती झाली. तिसऱ्या वर्षी मी स्वतः वाटाड्या झालो आणि नवशिक्यांना तीन ओळी लिहायला लावू लागलो. पद्धत चांगली आहे, ती कुणाची हे नव्या लोकांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

या सगळ्याला नऊ वर्षं झाली. परवाच्या मार्चमध्ये सांगोल्याच्या रेश्मा मुलाणी नावाच्या एका शिक्षिकेने प्रश्न टाकला. त्या शाळेतल्या मुलींसाठी लंगडीचा खेळ करतायत, नेटवरून दोन शाळांनी खेळायचा, आणि नमुना म्हणून माझ्या आट्यापाट्या उघडून वाचत होत्या. प्रश्न अगदी शिस्तीत होता, तीन ओळींत. तिसरी ओळ अशी होती: 'जुन्या नोंदीत सरांनी आधी जाण्यायेण्याच्या वेळाला दोनने गुणलेलं दिसतं, नंतर एका किरकोळ साफसफाईत ते काढलेलं दिसतं. मी गुणायचं की नाही?'

नऊ वर्षांत ती नोंद कुणीतरी पहिल्यांदा वाचली, असं मला वाटलं.

गुणायचं नाही, एवढं लिहून चाललं असतं. पण वाटाड्याने नुसतं उत्तर द्यायचं नाही, जागा दाखवायची. म्हणून दुवा द्यायला मी ती नोंद उघडली. त्या दिवसानंतर मी त्या पानावर कधी गेलो नव्हतो. तारीख, माझं नाव, 'किरकोळ साफसफाई', वेळ चार वाजून दहा. त्याच्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती.

'माजी सदस्य. वाचलं. ४:२५.'

 मला त्या दिवसांत एकच वाटाड्या होता. नाव गेलं तरी खूण राहते आणि वेळ राहते, हे आमच्या नोंदींचं वैशिष्ट्य मीच नवशिक्यांना कौतुकाने सांगत आलोय. चार पंचविसाला बाईंनी वाचलं होतं. माझ्या इतर शेकडो बदलांसारखंच, पंधरा मिनिटांत. एक ओळ खोडलेली पाहून बाईंना सगळं कळायला पंधरा सेकंदसुद्धा लागले नसतील. सकाळच्या पाचही हातांचा हिशेब त्यांना तिथेच लागला असणार.

आणि फोन त्यांनी पाच वाजून पाच मिनिटांनी केला होता.

नऊ वर्षं मी त्या फोनबद्दल असं समजत होतो की बाईंना शंका होती आणि मी ती फिरवली. शंका नव्हतीच. त्यांना सगळं माहीत होतं, कुकर उतरवता उतरवता त्यांनी मला सांगायची जागा करून दिली होती, आणि मी साताऱ्याचा मावसभाऊ काढला होता. खुर्चीत बसल्या जागी मला इतकी लाज वाटली की बायको काही विचारायला आली तेव्हा मी पडदा मिटला.

गुरुवारपर्यंत थांबलो. चार वाजता नंबर लावला, लागेल अशी खात्री नव्हती. चौथ्या रिंगला उचलला गेला आणि पलीकडून आधी नंबर ऐकू आला, एकेक आकडा सुटा.

"बाई, उमाकांत बोलतोय. कराडचा."

पलीकडे काही नाही. तार उशीर करते, माणूस गप्प नसतो, असं मी मनाशी म्हटलं. पण आता तारा तशा राहिलेल्या नाहीत.

"बोल," त्या म्हणाल्या. "तीन ओळी आणल्यास?"

लिहून ठेवल्या होत्या. वाचल्या. "काय केलं: जाण्यायेण्याच्या वेळाला दोनने गुणलं, दुसऱ्या गावातून चाचणी केली नाही, आणि केली असं सांगितलं. एकदा अर्जात, एकदा तुम्हाला. काय व्हायला हवं होतं: सहाच्या आत मी वझलवार मॅडमना खरं कळवायला हवं होतं. काय झालं: तुमचं खातं बंद झालं आणि तुमच्या चारशे बारा उत्तरांवरचं तुमचं नाव गेलं."

माफी मागायची होती, तीही मागितली. बाईंनी ती ऐकून घेतली. मी विचारलं, तुम्ही वाचलं होतं, तर तेव्हाच का नाही बोललात.

"उत्तर द्यायचं नाही, ही माझी पद्धत," बाई म्हणाल्या. "वाटलं, अजून तासभर आहे, स्वतःहून सांगेल. मी सांगितलं असतं तर तू शिकला नसतास, असं तेव्हा वाटलं. न सांगूनही शिकला नाहीस. चुकलंच माझं. आपण माणसाला खेळ शिकवतो, बाकीचं पण शिकवतोय अशी मला जरा ऐट होती." त्या थोडं हसल्यासारखं वाटलं. "खूप राग आला होता तुझा. वर्षभर संगणक उघडला नाही. मग टाकला भंगारात."

मी म्हटलं, आज संध्याकाळी मी हे सगळं त्या नोंदीखाली लिहितोय, वझलवार मॅडमना पण कळवतोय, नाव परत येईल.

"ते तू कर. करायलाच हवं. पण तिसरी ओळ चुकली आहे तुझी."

"कुठे चुकली?"

"खातं बंद झालं, नाव गेलं, ते माझं झालं. ते मला माहीत आहे, तू कशाला सांगतोस? तू केलंस, तर तुझं काय झालं ते लिही. पुढच्या गुरुवारी वाच."

त्या संध्याकाळी मी पहिल्या दोन ओळी त्या नोंदीखाली लिहिल्या आणि तिसरीच्या जागी जे घडलं ते तसंच लिहिलं. वझलवार मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, फार थोडक्यात. माझं वाटाड्याचं पद काढलं गेलं, ते योग्यच झालं. शिधोरेने दोन आठवडे फोन उचलला नाही. चारशे बारा उत्तरांवर आता पुन्हा 'मंदाकिनी केळुसकर, वेंगुर्ले' दिसतं. रेश्मा मुलाणींना मी त्या पानाचा दुवा पाठवला, वर काही लिहिलं नाही. त्यांनी दोनने गुणलं नाही, आणि लंगडीची चाचणी सांगोल्यातून न करता मिरजेच्या बहिणीकडून करून घेतली, असं त्यांनी कळवलं.

तिसरी ओळ मात्र जमत नाही. नोकरी मिळाली, असं लिहिलं, खोडलं. मला काहीच झालं नाही, असं एकदा लिहिलं, ते सगळ्यांत खरं वाटलं, आणि तेच वाचायची हिंमत झाली नाही. सात गुरुवार झाले. दर गुरुवारी चारला मी नंबर लावतो. बाई आधी आकडे सांगतात, मग माझं नाव घेतात, मग थांबतात. मी म्हणतो, अजून नाही, बाई.

"बरं," त्या म्हणतात. "ठेवते."